स्वतःच्या सहीचा दाखला

तीर्थरूप मामा,

कंबर धरली आहे, म्हणून साष्टांग नमस्कार उभ्यानेच पाठवतो. तुमचा रक्तदाब आणि मामींचा राग दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा आहे. मी बरा आहे, नोकरीची तब्येत मात्र नाजूक आहे.

झालं असं, की मी ज्या दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे पेशंटचे एक्स-रे ठेवायला एक सर्व्हर बसवला. तो ब्राउझरमधून उघडायचा. आता ब्राउझर (तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनसारखा) आलेल्याला दाखला मागतो: तू तूच कशावरून? हा दाखला खरं तर एखाद्या मान्यवर संस्थेने द्यायचा. पण घरच्या घरी कसली आलीय संस्था? मीच लिहिला, मीच सही केली आणि सर्व्हरच्या गळ्यात अडकवला. ब्राउझरने लालभडक पान दाखवलं. अहो, काम ज्याने केलं त्याच्याहून जास्त खात्री दुसऱ्या कुणाला असणार? पण यंत्रापुढे गीता वाचून काय उपयोग! शेवटी प्रत्येक कॉम्प्युटरच्या विश्वासूंच्या यादीत तो दाखला हाताने घातला आणि डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं, आता निर्धास्त राहा.

खुर्चीसमोरच्या पडद्यावरचा ब्राउझर नेमका निराळा निघाला. त्याची विश्वासूंची यादी त्याने स्वतःपाशी वेगळी ठेवलेली असते (हे कुणी आधी सांगेल तर शपथ). खुर्चीत एक निवृत्त फौजदार आ वासून पडलेले, गालात कापूस. बाईंनी एक्स-रे उघडला आणि पडद्यावर आलं, की हे ठिकाण सुरक्षित नाही, इथे तुम्हाला कुणी लुबाडू शकतं. फौजदारांनी आधी ते वाचलं, मग बाईंच्या हातातली पक्कड बघितली आणि गळ्यातल्या फडक्यासकट जिना उतरले.

बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं असतं, असं तुमच्याशिवाय आणखी कोण म्हणतं?" सोमवारपर्यंत कुणी म्हटलं नाही तर हातात नारळ. मामा, मला हे फार लागलं. माणसावर माणसाचा विश्वासच उरला नाही.

तुमचा लाडका (असं मी समजतो)
भाचा

ता. क. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, तुमच्या शब्दाला वजन आहे. 'मुलगा सचोटीचा व कामात चोख' एवढ्या चार ओळी हव्या होत्या. तुम्हाला त्रास नको म्हणून त्या मीच लिहिल्या.

पुन्हा ता. क. सहीचीही तसदी नको. तीही मीच केली, पत्र बाईंना देऊनही झालं. त्यांचा फोन आला तर फक्त 'हो' म्हणा.