हार्लनने मागितलेली बंदी

प्रिय आई,

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. आमची काळजी करू नकोस. आग आमच्या कुंपणापर्यंत आली नाही. फक्त पडद्यांना लागलेला धुराचा वास काही जात नाही.

पण शेजारची ओपल गेली. तुला जर्दाळूचा मुरंबा पाठवायची ना, तीच.

वसंतात काउंटीच्या सभेत उन्हाळाभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घालायचं निघालं होतं. तेव्हा तिचा नवरा हार्लनच सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता, "माझं अंगण, माझा कचरा, तुम्ही कोण विचारणारे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बंदी बारगळली. ऑगस्टमध्ये त्याच्याच कचरा जाळायच्या पिंपातली ठिणगी वाऱ्याने वाळल्या गवतात गेली. ओपल घोडी सोडवायला तबेल्यात शिरली. घोडी बाहेर आली, ती आली नाही.

काल पुन्हा सभा झाली. हार्लन भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून आला आणि म्हणाला, "बंदी घाला."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "आता शहाणपण सुचलं होय?"

"हो, आता," तो म्हणाला. "तुम्हाला तरी वेळेवर सुचू दे."

बंदी मंजूर झाली. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर पडताना त्याला टोपी घालता येईना, म्हणून मीच ती त्याच्या डोक्यावर ठेवली.

क्लिफर्ड अजून कोठारामागे पाला जाळतो का गं? तुमच्याकडे तसा नियम नाही, मला ठाऊक आहे. तरी त्याला म्हणावं, ताईने नको म्हणून सांगितलंय.

सगळ्यांना जपून राहायला सांग.

तुझी,
मार्लिस