निळं फाटक

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेचे शहाण्णव टक्के निकालाच्या यादीत सगळ्यात वर पाहिले. अभिनंदन करते, आणि खरं सांगते, पोटात दुखलं. लहानपणी तुझा जुना गणवेश घालून शाळेत जायचे तेव्हा प्रत्येक बाई विचारायच्या, तू तिची बहीण ना, मग अशी कशी? आता स्वतः मुख्याध्यापिका झाले, केस पिकले, तरी कार्यालयातले साहेब तेच विचारतात.

माझे चव्वेचाळीस आले. पुढच्या वर्षीही पन्नाशीच्या आत राहिलो तर शाळा बंद, असं पत्र आलंय. माझी एकशे चाळीस मुलं, त्यांच्या घरांत मिळून अकरा भाषा. निम्म्यांचे आईबाप बांधकामावर. पोराला वजाबाकी हा शब्द कळेपर्यंत त्यांचं बिऱ्हाड हललेलं असतं. शाळा बंद झाली तर ही सगळी तुझ्याच पदरात पडतील, हे लक्षात ठेव. तुझं गुपित काय ते सांग तरी.

लोभ आहे, तो माझे टक्के बघून कमी करू नकोस.
तुझी धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुपित कसलं आलंय? शिस्त! वर्गात पस्तिसाच्या वर एक पोर घेत नाही. आठवड्याला दोन-तीन बायका मुलं घेऊन येतात, भाषेचा पत्ता नाही, हातात एक कागद नाही. मी फाटकाशीच गोड बोलून जागा नाही म्हणते. तू येईल त्याला पोटाशी धरतेस आणि मग टक्क्यांच्या नावाने रडतेस. निदान परीक्षेच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेव, एवढं तरी ऐक.

बाकी सगळं छान. सुट्टीत शाळेला रंग काढला, फाटकालाही. रस्त्याच्या टोकावरून दिसतं हो. येऊन बघून जा, आणि जळ थोडी.

लोभ आहेच, तुला सांगायला हवाच का?
ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कच्च्या मुलांना घरी ठेवलं तर माझ्या शाळेत शिपाई आणि मी दोघंच उरू. तुझा सल्ला तुझ्यापाशीच असू दे.

यंदा नवीन मुलं फार आली. मी एक केलंय. नव्या पोराशेजारी त्याच्याच भाषेतलं जुनं पोर बसवते. बाई शिकवतात ते जुनं त्याला कानात सांगतं. वर्गात सारखी कुजबुज चालते, तपासायला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं. पण एक पोरगी आहे, दिवसभर फिरत असते म्हणून तिला भिंगरी म्हणतो. जूनमध्ये तिला आपल्या भाषेत पाणीही मागता येत नव्हतं. काल तिने माझी फळ्यावरची बेरीज चुकलेली दाखवली. वर्गासमोर! इतकी खूश झाले की पुन्हा मुद्दाम चुकले.

एप्रिलचा विचार आला की मात्र घास उतरत नाही. लोभ असू दे, आणि थोडी काळजीही कर.
धाकटी

२० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

त्रेपन्न! शाळा वाचली, बरं वाटलं. आता भांडायला बसते. सभेत साहेबांनी माझ्या सत्त्याण्णवांना एक वाक्य दिलं आणि तुझ्या त्रेपन्नांवर अर्धा तास बोलले. शेजारची टाळ्या वाजवायला लागली, मग मलाही वाजवाव्या लागल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि लबाड, चांगली मुलं कुठून आणतेस ते लपवलंस! यंदा यादीला नवं पान जोडलंय, कुठल्या शाळेतून आलेली मुलं कशी निघाली त्याचं. तुझ्या शाळेखाली पहिलीच ओळ आहे. पूर्वीची शाळा 'निळं फाटक', मुलं सव्वीस, पास एकवीस. ही सव्वीस वगळली तर तू शेहेचाळिसावर येतेस, मी आकडेमोड करून पाहिली. साहेब सांगत होते, तुझी भिंगरीही तिथलीच, गणितात पैकीच्या पैकी! कुठली गं ही खासगी शाळा? नाव तर किती नव्या धाटणीचं. असली तयार मुलं नेमकी तुलाच कशी मिळतात? पत्ता कळव. यंदा ती आधी माझ्याकडे येतील असं बघते. भिंगरीलाही पाठव, तिच्यासाठी एक बाक वाढवता येईल.

लोभ आहे, पण आज जरा कमीच.
ताई

२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. मग हसू येईना.

ताई, एकदा रस्त्यावर जाऊन उभी राहा आणि तुझ्या फाटकाचा रंग बघ.

नाव घालताना आमचे लेखनिक विचारतात, याआधी कुठल्या शाळेत? त्या बायकांना त्यातलं एवढंच समजतं की आधी कुठे गेला होतात. त्या तुझ्या रस्त्याकडे बोट दाखवतात, आणि दोन शब्द शिकलेलं एखादं पोर सांगतं, निळं फाटक. लेखनिक कानावर पडेल ते लिहितात. मी खोडायला हवं होतं. नाही खोडलं. जन्मभर तुझ्यावर जळत आले, म्हटलं, तुझं काहीतरी माझ्याही रजिस्टरात असू दे.

भिंगरी आईबरोबर तीन दिवस तुझ्या फाटकाशी येत होती. तिसऱ्या दिवशी तुझ्या शिपायाने माझा रस्ता दाखवला. आता बाक वाढवू नकोस. माझ्याकडे तिला जागा आहे.

लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.
धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही. तुझ्यावर रागावले होते. मग कळलं की राग तुझ्यावर नाहीच.

शाळा उघडल्यापासून रोज सकाळी फाटक सताड उघडून स्वतः उभी राहते. आज एक बाई आली, दोन पोरी हाताशी. मी म्हटलं, या, जागा आहे. हाताने आत बोलावलं. ती हलेना. मग थोरली मुलगी मोडकंतोडकं बोलली. त्यांना आत यायचंच नव्हतं. वस्तीतल्या बायकांनी त्यांना सांगून ठेवलंय, निळ्या फाटकापर्यंत जायचं आणि तिथून धाकट्या बाईंच्या शाळेचा रस्ता विचारायचा.

मी रस्ता दाखवला. कोपऱ्यापर्यंत सोबत गेले. पत्र पोचायच्या आत पोरी तुझ्या वर्गात बसलेल्या असतील. लेखनिकांना सांग, पूर्वीच्या शाळेच्या रकान्यात लिहीत आलात तेच लिहा, खोडू नका.

जळते गं मी तुझ्यावर. उद्याही फाटकाशी उभी राहणार आहे, एखादी तरी चुकून आत येईल.

लोभ ठेव. आता तो मागायची पाळी माझी.
ताई