पालथा दगड

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघा सोडून इकडे सगळं ठीक.

बाग छान वाढली आहे. आगीनंतर चर्च पन्नासएक वर्षं बिनछपराचं पडलं होतं. आता खिडक्यांत वेली आहेत, आत बाकं. पायवाट मी घातली, हे तू शंभरदा ऐकलंयस. शाळेची मुलं आली की मी घंटेवाल्याची गोष्ट रंगवून सांगतो. छप्पर पेटलं तरी म्हातारा घंटा बडवत राहिला, गल्ली रिकामी झाली, तो मात्र आतच राहिला.

काल त्याची मुलगी आली, सत्तरीची. बारा तारखेला ती लेकाकडे कायमची परगावी निघाली आहे. वडिलांच्या नावाचा दगड एकदा बघायचा होता. मी म्हणालो, मलब्यात फुटला. खोटं बोललो, ताई. तो अख्खा आहे. अक्षरं कोरलेला तेवढा एकच दगड होता, न वाचताच मी तो पायवाटेत पालथा घातला. अक्षरांत पाणी साचतं, पाय अडकतो. सपाट बाजू वर, ही बाबांचीच शिकवण. उद्घाटनही दोन दिवसांवर होतं, कोण विचारत बसणार?

एखादा तुकडा सापडला तर, म्हणून ती पत्ता ठेवून गेली. मला आरशात बघायची लाज वाटते. काय करू?

हे वाचूनही लोभ ठेव.
धाकटा

ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. माझी पाटी फोडून मांजरावर ढकललीस, तेव्हापासून तुला ओळखते. बाबांना मध्ये ओढू नकोस. त्यांनी फरशी घालायला शिकवलं, थापा मारायला नाही.

आधी तिला सांग, मग दगड उचल. उलटं केलंस तर तीही चलाखीच. नोकरी गेली तर इकडे ये, भांडी घासायला माणूस हवंच आहे.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अकरा तारखेला तिच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं. दारातच सगळं सांगून टाकलं. ती चपला घालून माझ्याबरोबर बागेत निघाली.

पहारीनं दगड उलटला. अक्षरांत माती बसली होती. मी बादली आणली, तिनं रुमालानं पुसलं. चष्मा सामानात गेला होता, म्हणून मलाच वाचायला सांगितलं.

नाव आणि वय, एवढंच होतं. वय तेहतीस. आणि मी मुलांपुढे त्याला म्हातारा म्हणत आलो. अकरा वर्षं त्याच्यावर झाडू मारला, नाव त्या दिवशी कळलं. मान वर करवेना. तिनं दगड तिथंच बसवायला सांगितला, अक्षरं वर. पाय अडकला तर अडकू दे, म्हणाली.

आज शाळेची मुलं आली होती. त्यांना त्याचं नाव सांगितलं. दगड कुणी पालथा घातला होता, तेही सांगितलं.

भांडी तूर्त तूच घास. लोभ आहे तसाच राहू दे.
धाकटा