मजुरीची रेघ

घाटंजी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय बादल,

ताईचा आशीर्वाद. तब्येत सांभाळून असशील. इकडं आम्ही ठीक. तांड्यात थंडी लय पडली, बा शेकोटीपासून उठत नाही. तूर हाताशी आली. उत्तमसिंगकाका तुमच्याकडं कामावर निघाले, त्याइच्या हातून ही चिठ्ठी देते.

फोनवर तू दरवेळी विचारतं, याडीले सूतगिरणीतून एवढी सुट्टी कशी? माय बाजूलेच बसलेली असते, म्हणून मी विषय बदलवते.

यवतमाळच्या ऑफिसात मी आकड्यांची चित्रं करते, तुले ठाऊक आहे. मागचं वर्ष गिरण्यांच्या आलेखात गेलं. एक बाई दिवसाले किती सूत काढते आन् तिले मजुरी काय भेटते. मोबाइलवर बोट सरकवलं का साल बदलते. आधी मी त्यात ढीगभर रेघा टाकल्या होत्या. याडी पाहून म्हणे, "मुंग्या निघाल्या का वं?" मग दोनच ठेवल्या. दोघी एकाच जागेहून निघतात. ज्याइले वाचता येत नाही त्याइच्यासाठी एकीपाशी सुताची कांडी काढली, दुसरीपाशी नोट. महागाई वजा केली तं नोटेची रेघ जागची हलेना, आन् सुताची पार वर गेलती.

याडीनं बोट पुढं नेलं, मागं आणलं, परत पुढं नेलं. "म्हणजे आमी ढिल्या नव्हतो," एवढंच बोलली.

दिवाळीनंतर गिरणीत बैठक झाली. मी तेच चित्र मोठ्या पडद्यावर दाखवलं. याडी उभी राह्यली. तू तिले चारचौघात बोलताना पाह्यलं कधी? मॅनेजरले म्हणे, "साहेब, वरची रेघ आमी नेली. खालची आता तुमी उचला." बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरही हसला, सगळ्याइले चहा पाजला. जाताना मले म्हणे, "मॅडम, फार स्पष्ट केलंत. असंच प्रत्येक कामगाराचं वेगळं करून द्या आम्हाला."

मी नाही म्हटलं, बादल. ऑफिसच्या सायबालेही तोंडावर नाही म्हटलं. तं त्यानं काम अक्षयले दिलं, माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसते तो. त्यानं माझीच फाइल उघडली. माझेच रंग, माझीच कांडी. मले म्हणे, "ताई, मी नाही केलं तं दुसरा करंल." खोटं नव्हतं ते.

आता दर मशीनवर स्क्रीन लागली. बाईचा फोटो, बाजूले तिची रेघ. बरोबर चालली तं हिरवी, मागं पडली का लाल.

याडीचा खांदा दुखते. तुटलेला धागा जोडाले हात वर न्यावा लागते. ती लाल झाली आन् लालच राह्यली. सुट्टी नाही रे ती. काढलं तिले कामावरून.

मजुरी वाढली नाही. आमचा आलेख वेबसाइटवर आहे अजून, लोक पाहतात, छान म्हणतात. याडीसोबत गिरणीत असणाऱ्या बसंतीबाईकडं मी गेलती, पुन्हा सगळ्या मिळून बसू म्हटलं. ती दारातूनच म्हणे, "पोरी, तुही माय घरी बसली. आता आमाले बसवतं का?"

याडीले विचारलं, तुले काय दिसलं त्या स्क्रीनवर? म्हणे, "माहाच फोटो होता ना. चांगलं केलं तू. पाह्यलं का समजते." ते मी केलं नाही, हे मी तिले सांगतलं नाही. काय फरक पडते? रागानं बोलली असती तं बरं वाटलं असतं. कौतुकानं बोलली.

तिले फोनवर सुट्टीचं विचारू नको. तुले परत ये म्हणत नाही, इकडं काय ठेवलं आहे? मी नोकरी सोडंन असं तुले वाटत असंल. मलेही वाटलं होतं. पण घरात आता तो एकच पगार येते.

काल दुसऱ्या एका गिरणीचं काम आलं. तसेच फोटो, तशाच रेघा. अक्षय गावी गेला आहे. सायबानं माझ्याकडं पाह्यलं.

तुझी, या वेळी हो म्हणून आलेली बहीण,
ममता