सायन्स सोडणार नाही

२० ऑक्टोबर, रविवार

नाही सोडणार! नाही म्हणजे नाही!

इथे आखातात रविवारीही शाळा असते. सुपरवायझर मॅडमनी आज आई-बाबांना बोलावलं. सहामाहीत मी केमिस्ट्रीत नापास, मॅथ्समध्येही नापास. "गार्गी मुलगी गोड आहे, पण सायन्सचं मटेरियल नाही." माझ्यासमोर! मी काय पडद्याचं कापड आहे?

जानेवारीत फेरपरीक्षा. दोन्हीत पास झाले नाही तर कॉमर्स. बाबा नुसती मान डोलवत होते. गाडीत म्हणाले, "कॉमर्सवाले काय उपाशी मरतात?" स्वतः इथल्या हमद पोर्टवर इंजिनिअर! त्यांना चालतं, मला नाही चालत?

२१ ऑक्टोबर

आई म्हणते, खालच्या मजल्यावरच्या आबिदामिसना विचारू. परभणीच्या आहेत, तिकडे कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. मी म्हटलं, नको! एक क्लास करून झालाय. वीस मुलं, मी शेवटच्या रांगेत. फळ्यावरचं उतरवायचं, मान डोलवायची, घरी यायचं.

आईने विचारलंच.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

या बाईंपासून लपायला जागाच नाही!

आमच्याच घरी, समोरासमोर आम्ही दोघी. मिस प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. मी म्हटलं, "येस मिस." तर म्हणे, "येस काय? मला समजावून सांग बरं." मी पुस्तकाची पानं उलटत राहिले.

शेवटी ओरडलेच – मला काहीच कळत नाही!

"काहीच असं नसतंय बाई. कुठपर्यंत कळालंय?"

मग मागे मागे जात राहिलो. अकरावीतून दहावीत, दहावीतून आठवीत. रेशोपाशी मी अडले. मिस हसायलाच लागल्या. "अगं, रेशो म्हणजे गुणोत्तर की!"

गुणोत्तर! नाशिकला आठवीपर्यंत मराठी शाळेत होते मी. गुणोत्तर-प्रमाण मला झोपेतही यायचं! इथे आल्यापासून एकाही माणसाने हे सांगितलं नाही. इथे वर्गात हात वर केला की माझ्या इंग्लिशला हसतात, म्हणून मी हात वर करायचंच सोडलं. आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं – हिला जमत नाही.

इतका राग आला की जेवले नाही. मग भूक लागली, जेवले.

८ नोव्हेंबर

भांडण. तेच गणित चार वेळा चुकलं. दर वेळी मिस म्हणणार, "हे कुठून आलं? सांग." मी वही ढकलली. "मी मूर्ख आहे, सोडा ना!"

मिसनी पेन खाली ठेवलं. "मूर्ख ते तुमच्या मॅडम म्हणाल्या. मला वजाबाकीच्या चिन्हाचं सांग. कंस सोडवताना ते कुठं जातंय?"

जात होतं खरंच! दर वेळी त्याच ठिकाणी. वर्गात नुसती लाल फुली मिळायची. चूक कुठे होते ते कुणी पाहिलंच नव्हतं.

२९ नोव्हेंबर

आज मिस चुकल्या. मी पकडलं!!! त्या माझ्यापेक्षा जास्त खूश.

१२ जानेवारी, रविवार

मॅथ्स – ४१. पास!

केमिस्ट्री – २५. पासिंग २७.

बाबांनी पाठीवर हात ठेवला. "चांगली झगडलीस. आता खलास."

खलास कसलं? पेपर पाहिलाय मी. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे. तीन मार्कांचा प्रश्न. शून्य दिलंय! वर लिहिलंय – मेथड नाही.

मेथड आहे. माझी आहे.

१३ जानेवारी

स्टाफरूममध्ये गेले. खलील सर आम्हाला केमिस्ट्री शिकवतात. सुपरवायझर मॅडमही तिथेच. म्हणाल्या, "निकाल लागलाय. उत्तर कुठून आलं कुणास ठाऊक."

म्हणजे कॉपी?

मी सरांकडे वळले. "सर, मी इथे सोडवून दाखवू? तुम्ही आकडे बदला."

सरांनी बदलले. दहा ग्रॅम हायड्रोजनला किती ऑक्सिजन लागेल? मी बोलत बोलत लिहिलं – समीकरणातून चार ग्रॅमला बत्तीस, म्हणजे एकास आठ, म्हणून दहाला ऐंशी. इंग्लिश मोडकंतोडकं. एकदा "ग्रॅम" ऐवजी "मार्क" म्हणाले. कुणीतरी हसलं. हसू दे! थांबले नाही.

सर म्हणाले, "एकास आठ का?" आबिदामिस दर वेळी हेच विचारतात मला! सांगितलं.

सरांनी पेपर ओढून घेतला आणि शून्य खोडलं. "मोलची पायरी न काढताही गुणोत्तराने बरोबर आहे, मॅडम. मी घाईत पाहिलं. सॉरी, गार्गी."

२८! मॅडम कागद आवरायला लागल्या. मीच म्हटलं, "थँक यू, मॅडम." मुद्दाम. मोठ्याने.

१४ जानेवारी

सकाळी गाडीत बाबांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. इतक्यात माफ नाही करणार. पुढच्या आठवड्यात बघू.

१७ जानेवारी, शुक्रवार

मिसना सांगितलं, आता येऊ नका. मला एकटीने बसून बघायचंय.

आई आतून धावत आली. "अगं, बोलतेस काय तू!"

मिस दारात चपला घालत होत्या. म्हणाल्या, "ओरडू नका तिला. ह्याच्यासाठीच तर येत होते मी."