दांडा वर येतोय

७ एप्रिल, सोमवार
मालाची गाडी आरटीओत पासिंगला नापास. लाइट, हॉर्न, वायपर सगळं ठीक. मग साहेबांनी चढावर उभी करायला लावली, हँडब्रेक ओढा म्हणाले. ह्यांनी ओढला. गाडी आपली गुमान मागे निघाली. शुक्रवारी परत आणा, साहेब म्हणाले.

गाडी माझ्या नावावर, म्हणून मीपण उन्हात उभी. येताना हे हसत होते. फक्त हँडब्रेक तर गेलाय म्हणे, किती वर्षं झाली, कुणाला लागतो? गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा, झालं.

'फक्त' म्हणे. नशिराबादला घरी पोचले तरी तोच शब्द कानात.

८ एप्रिल
सकाळपासून भाजी करपली, दूध उतू गेलं. डोक्यात एकच. सुरतेला केळी घेऊन जाताना दुपारी हे झोपतात कुठे, तर गाडीखाली. केबिन तापते, म्हणून माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी खाली बांधतात आणि त्यात पडतात. वर भरलेली गाडी. आणि तिला धरून कोण, तर रस्त्यावरचा दगड!

इतकी वर्षं मी समजत होते की ब्रेक लावून झोपतात. विचारलंच नाही कधी. विचारायची गोष्ट आहे का ही?

जेवताना बोलले. म्हणाले, "सगळे ड्रायव्हर झोपतात. तू उगाच जिवाला घोर लावून घेते."
लावून घेते! मग कुणी घ्यायचा?

९ एप्रिल
गॅरेजवर मीपण गेले. ह्यांना आवडलं नाही. गोकुळभाऊ मिस्त्री साक्रीकडचे, मोकळा माणूस. म्हणाले दोन रस्ते आहेत. नुसती हँडब्रेकची केबल कसली तर चहा पिईपर्यंत काम होतं. नाहीतर मागची चाकं जॅकवर घ्या, ब्रेकचे ड्रम उघडा, आतले झिजलेले लायनर बदला, मग केबल. त्यात दिवस जातो.

हे म्हणाले, केबल कस.
मी म्हटलं, आणि पास झाल्यावर?
गोकुळभाऊ हसले. "वैनी, बठ्ठा असंच करतस. पासिंगले कसतस, भाईर ईसन ढिला करतस."

म्हणजे सगळेच पासिंगला कसतात आणि बाहेर येऊन ढिला करतात. साहेबापुरता ब्रेक. नुसती केबल कसली की चाक घासतं, ड्रम तापतो, घाटात जळका वास येतो, म्हणून परत ढिली करायची. पोरीला बघायला पाहुणे आले की घर आवरतो, तसं.

मी म्हटलं ड्रम उघडा. ह्यांचं तोंड एवढंसं झालं, परक्या माणसासमोर बायको बोलली ना. बोलले तर बोलले. मी जुन्या टायरवर बसून राहिले संध्याकाळपर्यंत. लायनर पार गुळगुळीत निघाले. नवे टाकले, केबलपण नवी. गोकुळभाऊ म्हणाले, ओढा वैनी. हँडब्रेकचा दांडा अर्ध्यावर आला आणि जो अडकला! दोन्ही हातांनी ओढला तरी पुढे नाही. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

११ एप्रिल
पास. चढावर हलली नाही. मी देवाचं नाव घेत होते, हे दुसरीकडे बघत होते.

बाहेर रस्त्याच्या कडेला पास झालेल्या गाड्यांची रांग, प्रत्येकीखाली कुणी ना कुणी पाना घेऊन आडवा. ढिला करणं चालू. गोकुळभाऊ आमच्यासोबत होते. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. कुणी पान्याला हात लावला नाही.
माझ्यासमोर तरी.

१३ एप्रिल, रविवार
काल हे गाडी घेऊन सावद्याला माल ठरवून आले. आज गाडी धुवायला काढली तेव्हा सहज दांडा ओढून बघितला. अर्ध्याच्या वर आला. बराच वर. म्हणजे केबल ढिली.

ह्यांना विचारलं. नवी केबल आहे, ताणली जाते म्हणाले. सरळ डोळ्यात बघून म्हणाले. खोटं बोलतानापण हे सरळच बघतात, ही पंचाईत.

गोकुळभाऊंना फोन. "नवी केबल जराशी ढिली पडसच वैनी." बरं. पण कुणी ढिली केली नाही ना? म्हणाले, "माले काय माहीत."
नाही, असं काही म्हणाले नाहीत.

१४ एप्रिल
आज केळी भरली. परत कसून घ्या म्हटलं तर माल खराब होईल म्हणे, उद्या निघायचंच. भांडले. मग म्हटलं, मी येते सुरतेला, मावसबहिणीला भेटून बरेच दिवस झाले. हे बघतच राहिले. ये म्हणाले, पण केबिनमध्ये भाजशील.

१५ एप्रिल, दुपार
साक्रीच्या पुढे आलो. झाडाखाली गाडी लावली, जागा उतरती. सपाट बघा म्हटलं तर म्हणे सावली इथंच आहे. जेवले, झोळी बांधली, खाली शिरले. घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय.

मी ड्रायव्हरच्या सीटवर. घामाने कागद ओला होतोय. दांडा मीच ओढला, आज आणखी वर आला. ब्रेक धरलाय का दांडा नुसता वर आलाय, कळत नाही. पाय ब्रेकवर ठेवलाय, मुंग्या आल्यात. पाण्याची बाटली पलीकडच्या दाराशी आहे. घ्यायची तर पाय काढावा लागेल.

शुक्रवारी परतीचा माल आहे, मग सोमवारी पुन्हा सुरत. तेव्हा मी नसेन.
अजून झोपलेत.