शाईच्या रुळांचा खड्डा आणि त्याचे तीन वारस

मी, लव्हडे पेनहेल, कै. जॅबेझ पेनहेल यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा वर्तमानपत्र चालवणे, राहणार कुलाराबिन, पश्चिम ऑस्ट्रेलिया, हे स्वहस्ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न मात्र झाला, तो पुढे येईलच. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी चुलीत घातलं आहे, ते कोणी शोधत बसू नये.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासह, माझा पुतण्या विल्मट याला. तो पर्थला वकिलाच्या कचेरीत आहे आणि इथल्या धुळीने त्याला शिंका येतात, तेव्हा तो ते विकणार हे मी धरून चालते. खुशाल विकावं. बँकेत जे काही उरेल ते आधी कागदवाल्याचं देणं भागवून त्यालाच द्यावं. छापखान्याशी त्याचा काही संबंध राहणार नाही.

कलम २. छपाईचं यंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या, कातर, शाई आणि ‘कुलाराबिन वार्ताहर’ हे नाव नोरा क्विल्टी हिला. ती अकरा वर्षं माझ्याकडे खिळे जुळवते आणि तितकीच वर्षं माझ्याशी वाद घालते. माझे अग्रलेख लांबतात असं तिचं म्हणणं आहे. आता तिला हवे तेवढे आखूड लिहिता येतील.

कलम ३. छापखान्याची शेड आणि तिच्याखालची जमीन. हे कलम लांबेल, नोराने राग धरू नये.

आम्ही इथे आलो तेव्हा गावात तंबू होते आणि पाणी बिअरपेक्षा महाग होतं. जॅबेझने पहिला अंक पिठाच्या पिशव्यांवर काढला, कारण कागद उंटांवरून यायचा आणि उंट वाटेत अडकले होते. खिळ्यांना शाई लावायचे आमचे रूळ सरसाचा गोंद आणि काकवी आटवून केलेले. इथल्या उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत पातळ होऊन शाईत मिसळायचे. म्हणून जॅबेझने शेडमागे खोल खड्डा खणला आणि काम संपलं की रूळ दोराने त्यात सोडायला सुरुवात केली. आत गारवा असतो. आजही आम्ही तसंच करतो.

खड्ड्यातून निघालेला दगड त्याने दारापुढे पसरला, म्हणजे लोकांचे बूट धुळीत बुडणार नाहीत. त्याच आठवड्यात त्याने ठासून छापलं की गावाच्या पूर्वेला सोन्याचा कणही नाही, पोटार्थी माणसांनी तिकडे घाम गाळू नये. आमची शेड पूर्वेलाच होती. मग दोनच दिवसांनी क्रोच्या गुत्त्यातून निघालेला एक गडी आमच्या दारात पालथा पडला आणि सोनं घेऊन उठला. तासाभरात आमची पायवाट गावाने उचलून नेली. पुढच्या अंकात जॅबेझने खुलासा दिला: “मागील अंकात चूक झाली होती. वाचकांनी ती पहारी आणून दुरुस्त केली.”

सोन्याची शीर आमच्या खड्ड्यातूनच जाते. लोक म्हणाले, खण, राजा होशील. जॅबेझ म्हणाला, “खाण काढली तर रूळ कुठं टांगू?” गाव त्याला वेडा म्हणालं. मीही म्हणाले. नंतर मात्र माझं मत बदललं.

कलम ४. कार्वेल या खाण कंपनीला ही जमीन हवी आहे. शेड उठल्याशिवाय तिला खाली शिरता येत नाही. नुसती जमीनच हवी असती तर मी यंत्र बैलगाडीत घालून दुसरीकडे गेले असते. पण कंपनीची अट अशी की वार्ताहरही सोबत विकावा आणि तो बंद व्हावा. त्यांच्या तिसऱ्या खाणीत माणसं खाली सोडायच्या पाळण्याचा दोर तुटून दोन माणसं मेली, तेव्हा दोर कुजका होता हे आम्ही छापलं. कंपनीला ते अजून पचलेलं नाही. त्यांचा साहेब केक घेऊन माझ्या घरी आला होता. पाठोपाठ विल्मटचं पत्र आलं: “काकू, या वयात हट्ट शोभत नाही.” हट्ट नेमका याच वयात शोभतो, कारण आता तो सोडायला वेळ उरत नाही.

म्हणून शेड व जमीन मी खालील तिघांना एकत्र देते. नोरा वार्ताहर चालवील तोवर शेड तिला वापरू द्यावी; दुसरी बांधायला तिच्याकडे पैसा नाही, शेड गेली की पेपरही गेला. तिघांचं एकमत झालं तरच जमीन विकता येईल.

फिन्टन क्रो, गुत्तेवाला. रेव्हरंड ऑल्सप, चॅपलचे पाद्री. गुल बाझ, उंटांचा तांडा चालवणारा. आमचा पहिला कागद याच्याच उंटांनी आणला, उशिरा का होईना.

रविवारी गुत्ता उघडा असतो म्हणून पाद्रीबाबा क्रोशी बोलत नाहीत. प्रार्थना सुरू झाली की उंट ओरडतात म्हणून ते गुल बाझशीही बोलत नाहीत. क्रो आणि गुल बाझ यांचं हौदाच्या पाण्यावरून वाजलेलं आहे. दर आठवड्याला तिघेही एकमेकांविरुद्ध मला पत्रं लिहितात आणि मी ती छापते. तिघांचं एकमत होण्याआधी सूर्य पश्चिमेला उगवेल, असा माझा हिशेब होता.

कलम ५. काल मी तिघांना शेडमध्ये बोलावून हे वाचून दाखवलं. पाद्रीबाबा दारातच उभे राहिले. क्रोने टोपी काढली नाही. कंपनी उद्या तुमच्या दारात थैली घेऊन येईल, तुमची पत्रं छापणारा पेपर गाडून टाकायला, असं मी स्पष्ट सांगितलं.

गुल बाझ म्हणाला, “बाई, पेपर गेला तर आम्ही भांडायचं कुठं?”

क्रो म्हणाला, “तेच म्हणतोय मी.”

पाद्रीबाबा आत आले. “या दोघांशी मी सहमत आहे,” ते म्हणाले. “हे छापू नका म्हणजे झालं.”

तिघांनी तिथेच, एका टेबलाशी, जमीन विकणार नाही म्हणून सह्या करून दिल्या. मला रडू आलं. कायद्याच्या कागदात हे लिहायचं असतं की नाही मला ठाऊक नाही, पण आलं.

रात्रभर विचार केला. जी माणसं एकदा एकमत झाली ती पुन्हाही होऊ शकतात. म्हणून कलम चारमधलं ‘तिघांचं एकमत झालं तरच जमीन विकता येईल’ हे वाक्य मी रद्द करते. जमीन विकायची नाही, एकमताने सुद्धा नाही. यावर त्यांना भांडायचं असेल तर पत्रं मंगळवारपर्यंत नोराकडे पोचती करावीत.

लिहून ठेवणार: लव्हडे पेनहेल

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. डॉ. अँगस टेट. (बाईंना तपासलं. नाडी मंद, बुद्धी शाबूत, माझं ऐकत नाहीत.)
२. ऑगस्टा लिंड, शाळामास्तरीण.

ठिकाण: वार्ताहर छापखाना, कुलाराबिन
तारीख: ९ फेब्रुवारी १९२७